गोळीविना झोप : निद्रानाशाविषयी काही अनुभव व काही शास्त्र

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा आपल्या मंडळाचा निरोप आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे मधुमेहाचा विषय सुचविला. संपादक हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, साखर आता पुरे. वाचकांना झोप येईल असे नको, झोपेविषयीच काही लिहा." त्यांनी हे थट्टेने म्हटले असेल. परंतु या विषयावर बोलण्याचे मी काही वर्षे कटाक्षाने टाळत आलो होतो आणि त्याचे कारण मला ठाऊक होते. म्हणून हा लेख लिहीत आहे. यात शास्त्र आहे आणि माझी कबुलीही आहे. वैद्यकबंधूंनी पहिल्या भागाबद्दल चुका दाखवाव्यात, दुसऱ्याबद्दल क्षमा करावी.

इंदूरमध्ये कुटुंबवैद्य म्हणून माझी चाळीस वर्षे झाली. एवढ्या काळात "झोप येत नाही" ही तक्रार मी किती वेळा ऐकली असेन याची गणती नाही. आणि तिला मी दिलेले उत्तर बहुतेक वेळा दोन मिनिटांत लिहून होत असे. बाहेर बारा माणसे बसलेली, आत समोर एक थकलेला चेहरा. अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम, रात्री एक. रुग्ण समाधानी, डॉक्टर मोकळा.

अशाच एका काकूंना मी २०१९ च्या दिवाळीनंतर ही गोळी लिहून दिली. यजमान नुकतेच गेले होते, घर मोठे, मुलगा-सून कामावर. पंधरा दिवसांसाठी म्हणून दिलेली गोळी पुढे तीन वर्षे चालू राहिली. दर महिन्याला रक्तदाब तपासायला आल्या की उठता उठता म्हणत, "आणि ती नींदेची गोळी तेवढी लिहून द्या बरं का." मी लिहीत असे. मध्यंतरी पाव मिलिग्रॅमचा अर्धा झाला, तेही माझ्याच अक्षरात. २०२२ च्या नोव्हेंबरात पहाटे दोनच्या सुमारास त्या लघवीसाठी उठल्या, न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी तोल गेला आणि मांडीच्या हाडाचा खुबा मोडला. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. परंतु काठीशिवाय चालणे संपले ते संपलेच.

भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. उलट विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला येते का हो झोप नीट?" मी म्हणालो, "येते की." हे खरे नव्हते. त्या वेळी माझ्या उशाच्या खणात तीच गोळी, त्याच मात्रेची, दीड वर्षापासून होती.

माझी झोप गेली ती २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. रात्री-अपरात्री फोन येत. कुणाला ऑक्सिजन हवा, कुणाला खाट, कुणाला रेमडेसिव्हिर. बहुतेकांना देण्याजोगे माझ्यापाशी काहीच नसे. फोन वाजला नाही तरी मी वाजण्याची वाट पाहत जागा राहू लागलो. जूनमध्ये लाट ओसरली, फोन थांबले. झोप मात्र परतली नाही. रात्री पावणेदहाला अंथरुणावर पडावे, बारा वाजेपर्यंत छताकडे पाहावे, तीनला पुन्हा जाग यावी, भिंतीवरचे घड्याळ पाहून "आता उरले तीन तास" असा हिशेब करावा, आणि नेमकी पाचनंतर डुलकी लागावी. शेवटी नमुना म्हणून आलेली एक पट्टी उघडली. पहिल्या आठवड्यात वाटले, हे आधीच का केले नाही.

आपण डॉक्टर मंडळी स्वतःला औषध लिहून देतो. हा आपल्या व्यवसायातील एक जुना रोग आहे आणि त्याची नोंद कुठल्याही केसपेपरवर होत नाही.

काकूंना भेटून आल्यानंतर दोन आठवडे मी अस्वस्थ होतो. मग एके दिवशी दवाखाना बंद झाल्यावर माझ्याच हाताखाली काही काळ काम केलेल्या एका तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. तो मला अजूनही सर म्हणतो. सर्व ऐकून घेतल्यावर म्हणाला, "सर, तुम्हाला झोप कशाने गेली ते मला कळलं. पण ती परत का येत नाही, हा वेगळा प्रश्न आहे." या एका वाक्यात निद्रानाशाच्या आधुनिक उपचाराचे मर्म आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली दीर्घकालीन निद्रानाशाची मांडणी तीन प्रकारच्या कारणांनी केली. पहिली पूर्वप्रवृत्ती : काही माणसांची झोप मुळातच हलकी, स्वभाव काळजीचा. दुसरे निमित्त : मृत्यू, आजारपण, मुलीचे लग्न, नोकरीतील ताण. आणि तिसरी चालक कारणे : झोप गेल्यावर ती भरून काढण्यासाठी माणूस जे जे करू लागतो ते सर्व. लवकर अंथरुणावर जाणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी झोपणे, घड्याळ पाहणे, गोळी घेणे. निमित्त काही आठवड्यांत विरून जाते; निद्रानाश उरतो, कारण त्याला आता तिसऱ्या प्रकारची कारणे चालवीत असतात. रुग्ण मात्र पहिल्या निमित्ताचीच कथा सांगत राहतो आणि आपणही तीच लिहून घेतो. माझ्या बाबतीत लाट केव्हाच ओसरली होती. मला जागे ठेवीत होते ते माझे रात्री पावणेदहाला अंथरुणावर जाणे.

हे कसे, ते कळण्यासाठी झोपेची यंत्रणा थोडी पाहावी लागते. स्वित्झर्लंडचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेले दुहेरी प्रक्रियेचे प्रारूप आजही उपयोगी पडते. एक प्रक्रिया भुकेसारखी आहे. आपण जितके तास जागे राहू तितका झोपेचा दाब मेंदूत साठत जातो. अॅडेनोसिन हे रसायन या साठ्याशी निगडित आहे. झोपलो की हा दाब उतरतो. दुपारी तासभर झोपलेला माणूस म्हणजे संध्याकाळी सहा वाजता पोटभर खाऊन आठला पंगतीला बसलेला माणूस. त्याला भूक कुठून लागणार? चहा-कॉफीतील कॅफिन अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच अधिक. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा चांगला अंश रात्री अकराला आपल्यासोबत अंथरुणावर येतो. आपल्या माळव्यात पाहुण्याला चहा न विचारणे हे असभ्यतेचे लक्षण, त्यामुळे हा भाग सांगायला सोपा आणि पाळायला कठीण.

दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीरातील घड्याळ. ते मेंदूत, दृष्टिमज्जा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असते आणि त्याला रोज किल्ली देतो तो प्रकाश, विशेषतः सकाळचा. या घड्याळाच्या रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल मिळाले. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, झोपण्याची वेळ आपण ठरवू शकत नाही, उठण्याची ठरवू शकतो. रोज एका ठरावीक वेळी उठून उजेडात गेले की रात्रीची वेळ आपोआप जागेवर येते. रविवारी नऊपर्यंत झोपणारा माणूस सोमवारी रात्री जागा राहतो, यात त्याच्या नशिबाचा काही भाग नसतो.

या दोहोंच्या जोडीला एक तिसरी गोष्ट आहे, सवयीची. मला स्वतःचे एक कोडे उलगडत नसे. दिवाणखान्यातील खुर्चीत बातम्या पाहता पाहता माझे डोळे मिटत, सौभाग्यवती म्हणत, "अहो, आत जाऊन नीट झोपा." आत जाऊन दिवा मालवला की मी टक्क जागा. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली याचा उलगडा केला. पावलोवच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटावी तसे महिनोन्‌महिने अंथरुणात तळमळणाऱ्या माणसाचे शरीर अंथरूण पाहून जागे होऊ लागते. पलंग हा विश्रांतीचा राहत नाही, झटापटीचा आखाडा होतो. त्यांचा उपाय सरळ होता : डोळे जड झाल्याखेरीज पलंगावर जाऊ नये, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत बसावे, डोळे जडावले की परत यावे, रात्रीतून कितीही वेळा हे करावे लागले तरी करावे, पलंगावर वाचन, जेवण, मोबाइल, हिशेब काही नको, आणि सकाळी ठरल्या वेळी उठावे. घड्याळाकडे पाहून वीस मिनिटे मोजू नयेत हे मात्र मी पदरचे सांगतो. आमचे भिंतीवरचे घड्याळ मी स्वयंपाकघरात नेऊन लावले.

आता माझी कथा पुढे नेतो. त्या तरुण मित्राने मला प्रथम काहीही दिले नाही. दोन आठवडे एक वही भरायला सांगितली. केव्हा आडवा झालो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा उठलो, केव्हा उठून बसलो. त्याच्या सोबत सात प्रश्नांची एक प्रश्नावली होती, शार्ल मोरँ यांची. तिच्यात अठ्ठावीसपैकी माझे गुण एकोणीस भरले. पंधराच्या वर असले की निद्रानाश उपचार करण्याजोगा समजतात. वहीचा हिशेब असा निघाला : अंथरुणात सरासरी साडेआठ तास, त्यांपैकी झोप पाच तास दहा मिनिटे. म्हणजे शंभरातले एकसष्ट. चांगल्या झोपणाऱ्याचे हे प्रमाण पंच्याऐंशी वा त्याहून जास्त असते.

"सर, तुम्हाला पाच तासांची झोप मिळते आहे. ती तुम्ही साडेआठ तासांत पातळ करून पसरता," तो म्हणाला. "आपण ती आधी घट्ट करू."

स्पीलमन यांच्याच नावावर असलेली ही रीत ऐकायला उफराटी वाटते. ज्याला झोप येत नाही त्याला अंथरुणात कमी वेळ राहायला सांगायचे. मला साडेपाच तास नेमून दिले : रात्री सव्वाबारा ते पहाटे पावणेसहा. पाच तासांहून खाली मात्र कोणालाही नेऊ नये. दुपारची झोप बंद. आठवड्याच्या शेवटी वही पाहायची. शंभरातले पंच्याऐंशी भरले तर झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची, ऐंशीच्या खाली गेले तर पुन्हा थोडी मागे. उठण्याची वेळ ढळू द्यायची नाही.

२०२३ च्या जानेवारीत सुरुवात केली. पहिले दोन आठवडे अतिशय वाईट गेले हे प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुस्तकांत ते एका ओळीत लिहिलेले असते. दहा ते सव्वाबारा हा काळ कसा घालवावा हाच मोठा प्रश्न. दूरदर्शन नको, मोबाइल नको. मी इस्त्री शिकलो. माळ्यावरचे जुने दिवाळी अंक काढले, वडिलांच्या पत्रांची ट्रंक लावली. एका रात्री एक मित्र ओढून सराफ्यात घेऊन गेला. थंडीत मिळणारे गराडू, तेही रात्री अकराला, तळलेले आणि वर मसाला. आहारशास्त्र्यांनी कृपया हे वाक्य वाचू नये. त्या रात्री आम्लपित्ताने झोप मोडली ती निराळी. दिवसा डोळे चुरचुरत. त्या काळात मी स्वतः गाडी चालविली नाही, दवाखान्यात मुलाने नेऊन सोडले, आणि लहानसहान शस्त्रक्रियाही बंद ठेवल्या. दहाव्या दिवशी मी मित्राला फोन करून हे सर्व सोडून देणार असे सांगितले. तो म्हणाला, "सर, एक आठवडा द्या." रुग्णांना आपण हेच वाक्य किती वेळा सांगतो ते मला तेव्हा आठवले आणि त्याचा थोडा रागही आला.

तिसऱ्या आठवड्यात एके रात्री मी दिवा मालवला आणि पुढची आठवण पावणेसहाच्या गजराची. वहीत सत्त्याऐंशी भरले. मध्ये एक-दोन आठवडे अडखळत गेले, परंतु दहा आठवड्यांअखेर मी अकराला झोपून पावणेसहाला उठत होतो आणि त्यांतील सहा तास खरोखर झोपत होतो. आठ तास नव्हे. आठ तासांचा हट्टच मुळात सोडावा लागतो. वय वाढले की गाढ झोपेचा भाग कमी होतो, रात्रीत दोन-तीनदा जाग येणे स्वाभाविक असते. ती जाग आजार नसून, जागेनंतर "आता झाले, उद्याचा दिवस गेला" असे वाटणे हा आजाराचा भाग असतो. आपल्या समाजातील अनेक ज्येष्ठ रात्री नऊला पडतात, पहाटे साडेतीनला उठतात, दुपारी दीड तास झोपतात आणि झोप येत नाही म्हणून येतात. त्यांची झोप पूर्ण झालेली असते. फक्त ती त्यांना हव्या त्या वेळी नसते. वामकुक्षी या शब्दाचा मूळ अर्थ जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे लवंडणे एवढाच आहे. ती वीस मिनिटांची असावी. पडदे ओढून, पंखा लावून, अंगावर पांघरूण घेऊन चार वाजेपर्यंत चालते ती वामकुक्षी नव्हे. चरकसंहितेनेही ग्रीष्म ऋतू व काही विशिष्ट व्यक्ती सोडल्यास दिवसा झोपणे निषिद्ध मानले आहे. आणि आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराचा उपस्तंभ म्हटले आहे. तळपायांना तेल लावणे, म्हशीचे दूध हे उपायही तेथे येतात. त्यांचे आधुनिक प्रयोग किती भक्कम आहेत या वादात मी शिरत नाही. आजीच्या हाताने तळपायाला तेल लावून घेतलेल्या माणसाला त्याची फारशी गरजही वाटत नाही.

आता गोळीविषयी. बार्बिट्युरेट औषधांच्या विषबाधेच्या काळात १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड आले व पाठोपाठ १९६३ मध्ये डायझेपाम, तेव्हा ती खरोखरच सुरक्षित वाटली. मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम ही औषधे वाढवितात. झोप लवकर लागते हे खरे. परंतु गाढ झोपेचा भाग घटतो, काही आठवड्यांत शरीर सरावते, आणि मग एखाद्या रात्री गोळी चुकली की झोप पूर्वीपेक्षाही अधिक बिघडते. ही उसळी औषध सुटल्याची असते. रुग्ण मात्र तिचा अर्थ "बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही" असा लावतो. मीही, पदवी भिंतीवर टांगलेली असूनही, तोच लावीत होतो. अल्प्राझोलाम शरीरातून निम्मे होण्यास अकरा-बारा तास लागतात, वृद्धांत सोळाच्या आसपास. पहाटे दोनला लघवीसाठी उठणाऱ्या बाईच्या अंगात ते भरात असते. त्यात रक्तदाबाची औषधे, उठल्यावर दाब खाली जाणे, अंधार, ओली फरशी. अमेरिकेच्या वार्धक्यवैद्यक संस्थेच्या बिअर्स यादीत ही औषधे पासष्टीपुढे टाळावीत असे स्पष्ट आहे. झोल्पिडेमसारखी नवी औषधेही त्याच यादीत आहेत. स्त्रियांसाठी त्याची मात्रा २०१३ मध्ये अमेरिकेत निम्मी करण्यात आली आणि झोपेत चालणे, गाडी चालविणे अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये त्यावर ठळक इशारा आला. आपल्याकडे अल्प्राझोलाम व झोल्पिडेम ही दोन्ही २०१४ च्या मार्चपासून अमलात आलेल्या एच-वन परिशिष्टात आहेत; विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून गोळी मिळते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर वर सांगितलेल्या वर्तन व विचारांच्या उपचारपद्धतीची शिफारस केली. मी ती शिफारस त्याच वर्षी वाचली होती. वाचून मासिक कपाटात ठेवले.

माझी गोळी झोप सुधारल्यानंतर, एप्रिलमध्ये कमी करण्यास घेतली. हे काम घाईचे नाही. बरीच वर्षे घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्यास घबराट, थरथर, प्रसंगी झटके येऊ शकतात, म्हणून हा लेख वाचून कोणीही आज रात्री पट्टी फेकून देऊ नये. साधारण दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी, आणि कोणत्याही एका टप्प्यात पंचवीस टक्क्यांहून अधिक नाही, इतक्या सावकाश उतरावे असे आजचे मत आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाव मिलिग्रॅमची गोळी कात्रीने तोडताना तिचा चुरा होई; माझ्या मित्राने शेवटचे टप्पे दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर नेऊन, त्याच्या लहान मात्रांनी पार पाडले. जुलैमधला एक आठवडा फार कठीण गेला. मात्रा वाढविली नाही, तेथेच थांबलो, आणि पुन्हा उतरलो.

सप्टेंबरच्या मध्यास, गणपती बसण्यापूर्वी, शेवटची मात्रा घेतली. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झांक्या रात्रभर निघतात हे इंदूरकरांना सांगायला नको. नातवाला खांद्यावर घेऊन मी पहाटेपर्यंत रस्त्यावर होतो. ढोल, आखाडे, विजेच्या माळा. तीनच्या पुढे घरी आलो. पूर्वीचा मी असतो तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत लोळलो असतो आणि पुढचे तीन दिवस झोपेमागे धावलो असतो. पावणेसहाला उठलो, दुपारी झोपलो नाही, रात्री साडेदहाला डोळे मिटू लागले तरी अकरापर्यंत थांबलो. मग जी झोप लागली तिला तोड नव्हती. प्रश्नावलीचे गुण त्या महिन्यात सात होते.

ही पद्धत सर्वांना सरसकट लागू नाही, हे वैद्यकबंधूंसाठी नमूद करतो. उन्माद-अवसादाचा विकार, अपस्मार, झोपेत चालण्याची सवय, ट्रक वा बस चालविण्याचा व्यवसाय, पडण्याची भीती असलेले दुर्बल वृद्ध, यांच्यात अंथरुणाचा वेळ एकदम कापू नये. फार तर तो हळूहळू घटवावा. आणि सर्वांत आधी, झोप "येत नाही" की "मोडते" हे विचारावे. माझ्या या नव्या उत्साहात मी एका व्यापारी गृहस्थांना वही भरायला दिली होती, त्यांच्या पत्नीने दुसऱ्या भेटीत सांगितले, "रात्री यांचा श्वासच थांबतो, मग एकदम दचकून उठतात." जाड मान, न हटणारा रक्तदाब, दुकानात बसल्या बसल्या डुलक्या. त्यांना निद्रानाश नव्हता, निद्राश्वसनरोध होता. वहीने नव्हे, निद्राचाचणीने व यंत्राने त्यांचे काम झाले. अशा माणसाला शामक गोळी देणे धोक्याचे. संध्याकाळी पायांत वळवळ होऊन ते हलविल्याशिवाय राहवत नसेल तर रक्तातील फेरिटिन पाहावे. पहाटे तीनला जाग येऊन मन काळवंडत असेल, जेवणात रुची राहिली नसेल, तर तो अवसाद असू शकतो. रात्री घेतलेली लघवीची गोळी, दम्यासाठीचे थिओफिलिन, सकाळऐवजी संध्याकाळी घेतलेले स्टेरॉइड, वाढलेला थायरॉइड, पुरुषांत प्रोस्टेट : यांतील काहीही दोन मिनिटांत सापडत नाही. दहा मिनिटांत मात्र बहुतेक सापडते. आणि घरातील दुसऱ्या माणसाला खोलीत बोलावून घ्यावे. घोरणारा माणूस आपली घोरण्याची हकीकत सांगू शकत नाही.

काकूंकडे मी २०२३ च्या दिवाळीत गेलो. तोपर्यंत त्यांचीही गोळी मी हळूहळू, त्यांच्या मुलाला सोबत घेऊन, जवळजवळ सात महिन्यांत उतरविली होती. त्यांना अंथरुणाचे तास कापून दिले नाहीत. फक्त रात्री साडेनऊऐवजी साडेदहाला पडायचे, दुपारची झोप खुर्चीत वीस मिनिटे, सकाळी सातला ओसरीवर उन्हात. न्हाणीघरापर्यंत रात्री जळणारा एक छोटा दिवा आणि भिंतीला धरायला दांडी, हे आधीच बसवून घेतले होते. तीन वर्षांपूर्वी बसविता आले असते. चकली पुढे करीत त्या म्हणाल्या, "झोप अजून मधून मधून मोडते हो."

मी त्यांना माझ्या खणातल्या गोळीची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी दवाखान्यात तुमचे डोळे माझ्यासारखेच होते." आणि सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. सायंकाळचे साडेसहा वाजले होते. मी अर्धा कप घेतला.